दिवा कोणता घ्यावा?

दिवेलागणीला बटण दाबताना सातारा-सांगलीकरांनी कोयनेची आठवण ठेवावी. तिचे पाणी १९६२ पासून पोफळीला उतरून राज्याला वीज देत आले आहे. संध्याकाळी मागणी वाढली की विशेषच. वीज करून ते कोकणात वाशिष्ठीला मिळते, कृष्णेकडे परत येत नाही. आणि सांगलीची बरीचशी शेती कृष्णेवरच अवलंबून! तेव्हा दिव्यातली काटकसर केवळ बिलापुरती नव्हे.

हिशेब सोपा आहे. ६० वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास जळला, तर महिन्याला ९ युनिटे लागतात. जवळजवळ तेवढाच उजेड देणाऱ्या ९ वॅटच्या एलईडीला दीड युनिटही पुरते. शिवाय ट्यूबलाइटसारखा त्यात पारा नसतो.

मग दोष काहीच नाहीत की काय? आहेत. हलक्या दिव्यांतील यंत्रणा उष्णतेने व विजेच्या चढउताराने लवकर निकामी होते. म्हणून असा दिवा बंद काचेच्या हंडीत बसवू नये. काही दिवे सूक्ष्म लुकलुकतात. त्याने डोळे शिणतात. रात्री उशिरापर्यंतच्या निळसर पांढऱ्या उजेडाने झोपही लांबते.

तेव्हा खोक्यावरचा ‘के’ अक्षराजवळचा आकडा पाहावा. अभ्यासाला व स्वयंपाकघराला ४००० चालेल. निजायच्या खोलीत २७०० ते ३००० चा पिवळसर दिवाच बरा. हमी पाहून घ्यावा आणि पावती जपून ठेवावी. दाराशी मात्र यंदाही पणतीच लावावी!