तंबोऱ्यामागची घुं

नाट्यगीताची जुनी एलपी लावावी, सुई अलगद टेकवावी आणि गायकाच्या आधी तंबोरा कानी पडावा, यासारखं सुख नाही. आमच्याकडे मात्र तंबोऱ्याच्याही आधी स्पीकरमधून एक अखंड घुं यायची. बाबा डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "हा सूर रेकॉर्डमधला नाही रे."

त्यांचं बरोबर होतं. घरच्या विजेची वारंवारता 50 हर्ट्‌झ. तिची डीसी करताना दुपटीच्या, म्हणजे 100 हर्ट्‌झच्या लहरी मागे उरतात. पेटीवर शोधाल तर हा सूर पांढरी पाचच्या किंचित वर सापडेल. गायकाचा सा काळी एक असेल, तर तो तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मधेच कुठेतरी लोंबकळतो. साहजिकच कानाला टोचतो.

रेकॉर्डच्याच बाबतीत हा त्रास इतका का? साध्या मूव्हिंग मॅग्नेट पिनमधून जेमतेम 5 मिलिव्होल्टचा संदेश निघतो. शिवाय रेकॉर्ड कापताना खालचे सूर मुद्दाम दाबलेले आणि वरचे उचललेले असतात. खालचे पूर्ण जोरात कोरले तर खाच इतकी रुंद होईल की एका बाजूला फार थोडं संगीत मावेल. ऐकताना फोनो स्टेज, म्हणजे पिनचा क्षीण संदेश अ‍ॅम्प्लिफायरआधी वाढवणारा भाग, हे सगळं उलटं करतो. 1000 हर्ट्‌झचा सूर तो शंभर पट वाढवत असेल, तर 50 हर्ट्‌झचा जवळपास सातशे पट. विजेची घुं नेमकी तिथेच दबा धरून बसलेली असते!

म्हणून मी फक्त फोनो स्टेज बॅटरीवर घेतला. बॅटरीत ट्रान्सफॉर्मर नाही, लहरी नाहीत आणि भिंतीतल्या अर्थिंगशी नातंही नाही. मोठा अ‍ॅम्प्लिफायर बॅटरीवर चालवण्याच्या भरीस पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तो वीज फार खातो, आणि त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर संदेश चांगला सशक्त झालेला असतो.

यूपीएसमध्ये असतात तशा 12 व्होल्ट, 7 अँपिअर-अवरच्या दोन सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या एकापुढे एक जोडायच्या. मधला जोड म्हणजे ग्राउंड. एका टोकाला अधिक 12, दुसऱ्या टोकाला उणे 12. दोन्ही टोकांना, बॅटरीच्या अगदी लगत, अर्ध्या अँपिअरचा फ्यूज हवाच. ही छोटी दिसणारी बॅटरी शॉर्ट झाली की शेकडो अँपिअर ओकते, तारेचं आवरण वितळतं. स्विच दोन्ही बाजू एकदम तोडणारा घ्या. एकच बाजू चालू राहिली तर स्पीकरकडे डीसी जाऊ शकतो. ऐकताना चार्जरच्या दोन्ही तारा सुटलेल्या हव्यात, नाहीतर घुं मागच्या दाराने परत येते. मोबाइलची पॉवर बँक इथे कामाची नाही. तिच्या पोटात व्होल्टेज चढवणारं स्विचिंग सर्किट असतं, त्याची कुरकुर वेगळीच. आणि एवढं करूनही घुं उरली, तर आधी टर्नटेबलची ग्राउंडची तार फोनो स्टेजला घट्ट आवळली आहे ना ते बघा. मग फोनो स्टेज अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपासून हातभर लांब सरकवा. हवेतून येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राला बॅटरी अडवू शकत नाही.

माझा फोनो स्टेज साधारण 20 मिलिअँपिअर घेतो. कागदावर 350 तास झाले. निम्मेच वापरले, तरी रोज दोन तास ऐकून जवळपास तीन महिने सहज जातात. इथेच माणूस गाफील राहतो. एका पावसाळ्यात मी स्विच चालू ठेवून गावी गेलो. परतल्यावर मल्टिमीटर लावला तर एक बॅटरी 10.9 व्होल्टवर. रात्रभर चार्जिंगला ठेवली, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा ढेपाळली. उतरलेल्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक धरतात, मग ती चार्ज घेतच नाही.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी मल्टिमीटर बाहेर निघतो. चार्जर काढून काही तास झाल्यावर मोजायचं: 12.7च्या आसपास म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, लगेच चार्ज करा. चार्जर दोन, प्रत्येक बॅटरीला स्वतंत्र. ऐकत नसताना सतत लावून ठेवायचे असतील तर 13.5 ते 13.8 व्होल्टवर थांबणारेच हवेत. जास्त चार्ज झाली की बॅटरी हायड्रोजन सोडते, म्हणून तिची पेटी हवाबंद करू नका. उष्णता हा तिचा खरा शत्रू. 25 अंशांच्या वर दर 10 अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं. नागपूर-चंद्रपूरकडच्या वाचकांनी मे महिन्यात ती घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात, जमिनीलगत ठेवावी. अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर तर कधीच नको.

इतकं सांभाळूनही ती काही वर्षांनी संपणारच. तेव्हा ती कचऱ्यात टाकू नका किंवा भंगारात विकू नका. आत शिसं आणि आम्ल आहे. 2022च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची सोय लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवी घ्यायला जाल तेव्हा जुनी पिशवीत घालून सोबत न्या.