बांबूचं काळं पाणी

बल्लारपूरच्या कागद कारखान्यात बांबू शिजला की जेमतेम निम्म्याचाच लगदा होतो. उरलेला निम्मा कॉस्टिकच्या पाण्यात विरघळतो. त्या दाट काळ्या पाण्याला ‘ब्लॅक लिकर’ म्हणतात. १९४५ साली कंपनी उभी राहिली, तेव्हा शेजारच्या वर्धा नदीच्या बाजूने बोलणारा कायदाच नव्हता. महाराष्ट्राने तो केला १९६९ साली; प्रदूषण नियंत्रण मंडळ आलं १९७०मध्ये.

कायदा आल्यावर जो तो सांडपाणी गाळायच्या मागे लागला. पण गाळून हाती काय लागतं? निवळण टाकीत सुटे तंतू तळाशी बसतात. पुढच्या टाकीत हवा सोडतात, जिवाणू सेंद्रिय घाण खातात आणि बीओडी, म्हणजे ती घाण कुजताना पाण्यातला जेवढा प्राणवायू ओढते तो आकडा, उतरतो. बांबूचे तंतू चिकटवून धरणारं लिग्निन मात्र बसत नाही, जिवाणूंनाही सहजी पचत नाही. म्हणून प्रक्रिया झालेलं पाणी काचेच्या ग्लासात धरलं तर गाळ दिसत नाही, पण कोऱ्या चहाचा रंग दिसतो.

खरा इलाज गाळणीच्या कितीतरी आधी आहे. काळं पाणी आटवायचं, दाट झालं की बॉयलरमध्ये जाळायचं. वाफ मिळते आणि कॉस्टिकही परत हाती येतं. मक्याच्या स्टार्च कारखान्यातही तीच रीत: दाणे भिजवलेलं पाणी आटवून पशुखाद्यात घालतात. बांबूची मात्र एक आडकाठी आहे. त्यात लाकडापेक्षा सिलिका जास्त. ती आटवण्याच्या नळ्यांत थर धरते आणि कॉस्टिक परत मिळवताना वापरलेला चुनाही पुन्हा भाजण्याजोगा ठेवत नाही. जंगलातल्या मालाचा हा गुण कारखान्याला टाळता येत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००३च्या सनदेने जुन्या मोठ्या कागद गिरण्यांना टनभर कागदामागे १४० घनमीटर सांडपाण्याची मर्यादा घातली, तीही पुढे उतरवायची होती. मला हे पाऊल सगळ्यांत मोलाचं वाटतं, कारण पाणी आतच कमी वापरावं लागलं. तरी २००९च्या प्रदूषण निर्देशांकात बल्लारपूर ज्यात येतं ते चंद्रपूर ८३.८८ गुणांवर, देशात चौथं; त्यात कोळसा आणि औष्णिक वीजही होतीच.

बांबू विकणाऱ्या गावांचाही यात हक्क आहे. २०११मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला बांबूचा वाहतूक परवाना स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. २०१४पासून कागदासारख्या उद्योगांच्या सांडपाण्यावर चोवीस तास मोजणारी यंत्रं बसवायचे आदेश आहेत. ते आकडे बांबू विकणाऱ्या ग्रामसभांना आणि वर्धेकाठच्या गोंडपिपरीच्या गावांना दर महिन्याला, मराठीत, चावडीवर लावलेले मिळायला हवेत.