मनगटावरचा भोंगा

स्मार्टवॉच घ्यायचं की साधं घड्याळ? प्रश्न पहिल्या स्टायपेंडच्या पैशांचा होता. म्हणून जरा नीट हिशेब केला.

शेवटच्या वर्षाचा पेपर. वर्गाच्या दारातच मॅडमनी सगळ्यांना थांबवलं. "स्मार्टवॉच आहे ना? काढा, बॅगेत ठेवा आणि बॅग बाहेर." आमच्या रांगेतली जवळपास सगळी मनगटं रिकामी झाली. आत जाऊन भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, तर त्यात पावणेदहा वाजलेले. पेपर अकराचा. अर्धा पेपर संपला तरी त्यात पावणेदहाच! दहा मार्कांचा शेवटचा प्रश्न मी अंदाजानंच लिहायला घेतला आणि दुसऱ्या परिच्छेदाला घंटा वाजली. बाहेर येऊन बॅग उघडली, तर माझ्या घड्याळानं मेसेज दिला होता : 'तुम्ही बराच वेळ बसून आहात. उठून थोडं चाला.'

ते घड्याळ चौदाव्या महिन्यात बंद पडलं. वॉरंटी बारा महिन्यांची. ब्रँडचं नाव सांगत नाही, कारण हाच अनुभव वेगवेगळ्या ब्रँडच्या बाबतीत आमच्या ग्रुपमधल्या तिघांना आलाय. दुरुस्तीला नेलं तर काउंटरवरच्या दादानं ते उघडलंसुद्धा नाही. "बॅटरी गेली असणार. नवीनच घ्या, हे परवडणार नाही."

आता इंटर्नशिप सुरू झालीय. पहिलं स्टायपेंड हातात आलं आणि नव्या पेठेतल्या दुकानांच्या काचांसमोर माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. एका काचेत चकचकीत स्क्रीन, दुसरीत काट्यांची घड्याळं. दोन्हीकडे बाराशे ते अडीच हजारांच्या पाट्या. ठरेना.

'भोंगा व्हता की!'

भवानी पेठेतल्या आमच्या घरी लोखंडी कपाटात एक एचएमटी 'जनता' आहे. आजोबांना लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. त्या काळी जावयाला घड्याळ देणं म्हणजे मानाची गोष्ट. मी विचारलं, "आजोबा, मिलमध्ये जाताना हेच घालायचात का?"

"कशाला? भोंगा व्हता की!" आजोबा म्हणाले. "घड्याळ लग्नाकार्याला नाहीतर गड्ड्याच्या जत्रंला."

सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ मध्ये सुरू झाली आणि पुढं कित्येक दशकं या गावाचं घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर डबा भरायचा, भोंगा झाला की पाळी. घरात घड्याळ असो वा नसो, अख्ख्या पेठेला वेळ कळायची. एकामागून एक गिरण्या बंद पडल्या आणि भोंगेही गेले.

म्हणजे आजोबांचं घड्याळ वेळ बघण्यापेक्षा मिरवण्यासाठीच जास्त होतं! त्यामुळं 'आजकालच्या पोरांना नुसता शो पाहिजे' असं कुणी म्हटलं, तर हे उदाहरण लक्षात ठेवा. घड्याळ मिरवायची हौस आपण शोधून काढलेली नाही. उलट, सुरुवातीला मनगटी घड्याळ हा बायकांचा दागिना समजला जायचा आणि पुरुष खिशात घड्याळ ठेवायचे. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना सारखं खिशात हात घालणं परवडेना, तेव्हा कुठं ते पुरुषांच्या मनगटावर रुळलं.

पण आजोबांनी दुसरी एक गोष्ट सांगितली, ती डोक्यात राहिली. "भोंगा आपल्यासाठी नसतो बाळ. मालकासाठी असतो. त्यो वाजला की आपण पळायचं."

आत काय चालतं?

एचएमटीनं जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं १९६१ मध्ये बंगळूरूला घड्याळं बनवायला सुरुवात केली. 'जनता' हे किल्लीचं घड्याळ. आत गुंडाळलेली स्प्रिंग असते. ती उलगडत जाते आणि चाकं फिरतात. तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. एकदा किल्ली दिली की साधारण दीड दिवस चालतं. रोज थोडं मागंपुढं होणार, हे गृहीतच धरायचं.

मग आलं क्वार्ट्झ. १९६९ च्या नाताळात जपानच्या सेइको कंपनीनं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं. आजच्या क्वार्ट्झ घड्याळांत सेलवर चालणारा स्फटिक सहसा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो १५ वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो. तोच आपला एक सेकंद! म्हणून बाराशे रुपयांचं क्वार्ट्झ घड्याळही महिन्याला साधारण पंधरा सेकंदांपलीकडे चुकत नाही. किल्लीचं महागडं घड्याळही इतका नेमकेपणा देत नाही. भारतात १९८४ मध्ये टायटन सुरू झाली, तीही क्वार्ट्झवर भर देऊन. एचएमटी मागं पडत गेली आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली.

स्मार्टवॉच वेळ फोनकडून घेतं, म्हणून ते जवळपास चुकतच नाही. बाकी तो एक छोटा कॉम्प्युटरच. मागच्या बाजूला हिरवा दिवा लुकलुकतो ना, तो नाडी मोजण्यासाठी. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त वाढतं, परत येणारा प्रकाश कमी होतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असेल किंवा हात जोरात हलत असेल, तर हे गणित चुकतं.

थोडक्यात, नुसती वेळच बघायची असेल तर साधं क्वार्ट्झ पुरून उरतं. जास्तीचे पैसे आपण वेळेसाठी देतच नाही.

मैत्रिणीची बाजू

माझी एक मैत्रीण पोलीस भरतीची तयारी करते. तिला म्हटलं, स्मार्टवॉच म्हणजे पैसे पाण्यात. तर ती भडकलीच. "तुझं एसीत बसून लिहायचं काम गं. माझं बघ की."

तिचं घर एका खोलीचं, माणसं पाच. पहाटे साडेचारला फोनचा अलार्म वाजला की सगळं घर उठायचं आणि वडिलांची नुकतीच रात्रपाळी संपलेली असायची. आता मनगटावर घड्याळ थरथरतं आणि फक्त तीच उठते. मुलींना भरतीला ८०० मीटर धावावं लागतं. धावल्यावर ठोके किती वाढले, किती मिनिटांत खाली आले, याची ती वहीत नोंद ठेवते. महिन्याभरापूर्वी जिथं पाच मिनिटं लागायची, तिथं आता तीन लागतात. संध्याकाळी अभ्यासिकेतून परतताना फोन बॅगेत असला तरी आईचा कॉल चुकत नाही.

हे सगळं पटलं. तिच्या दोन हजारांची किंमत रोज वसूल होतेय.

पण तिनंच एक गोम सांगितली. घेताना बॉक्सवर 'जीपीएस' लिहिलेलं होतं. मैदानावर फोन घरी ठेवून गेली, तर अंतर काहीच्या काही. नंतर कळलं, घड्याळात स्वतःचा जीपीएस नाहीच, ते फोनचा वापरतं. फोन सोबत नसेल तर पावलांवरून नुसता अंदाज. स्वस्त मॉडेल्समध्ये हे सर्रास असतं. तेव्हा 'बिल्ट-इन' की 'कनेक्टेड', हे दुकानात विचाराच.

आकड्यांवर किती भरवसा?

पावलं आणि आरामात बसल्यावरचे ठोके यांचा अंदाज बऱ्यापैकी येतो. झोपेचा 'स्कोअर' मात्र आकडा म्हणून घ्या, निदान म्हणून नको. आणि स्वस्त घड्याळातलं ब्लड प्रेशर तर अजिबात मनावर घेऊ नका. दंडाला पट्टा बांधून मोजतात ते मोजणं वेगळं आणि हे वेगळं.

सगळ्यात धोकादायक दावा शुगरचा. 'सुई न टोचता शुगर' अशी जाहिरात दिसली तर पुढं सरका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट इशारा दिला, की त्वचेला न टोचता शुगर मोजण्याचा दावा करणारी स्मार्टवॉच किंवा अंगठ्या वापरू नका. घरात कुणी इन्सुलिन घेत असेल आणि घड्याळावरचा आकडा बघून डोस ठरवला, तर जिवावर बेतू शकतं. आई-बाबांना वाढदिवसाला घड्याळ भेट देणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

दुसरी गोष्ट डेटाची. ॲप इन्स्टॉल करताना आपण 'अलाऊ, अलाऊ' करत सुटतो. कॉन्टॅक्ट्स, लोकेशन, ठोके, पाळीच्या तारखा, सगळं देऊन मोकळे. आपल्याकडे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मंजूर झाला. त्याचा पायाच संमती हा आहे. पण न वाचता दिलेली संमतीही आपणच दिलेली असते.

पाच वर्षांचा हिशेब

स्वस्त स्मार्टवॉच दोन वर्षं टिकलं असं समजू. पाच वर्षांत दोन हजारांची तीन घड्याळं, म्हणजे सहा हजार. साधं क्वार्ट्झ बाराशेचं. पाच वर्षांत दोनदा सेल, प्रत्येकी शंभर धरा, एकदा पट्टा दीडशेचा. एकूण १,५५० रुपये. भाव दुकानागणिक बदलतील, फरक राहीलच.

स्मार्टवॉच लवकर का थकतं? लिथियम-आयन बॅटरीची क्षमता साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्जिंगनंतर घटायला लागते. ब्लूटूथ कॉलिंग आणि कायम चालू स्क्रीन ठेवली की दिवसाआड चार्जिंग आलं, म्हणजे वर्षाला १८० च्या वर. त्यात आपला मे महिना चाळिशीपार आणि उष्णता ही बॅटरीची शत्रू. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत घड्याळ ठेवणाऱ्यांनो, ऐकताय ना?

माझ्यापुरतं सांगायचं, तर अठराशेचं घड्याळ चौदा महिने चाललं. दिवसाला चार रुपये आणि वर थोडे. कटिंगपेक्षा स्वस्त म्हणा हवं तर. पण शेवटी हातात काय उरलं? दुरुस्त न होणारा डबा.

शेवटी काय घेतलं?

इंटर्नशिपच्या दुसऱ्या आठवड्यात मित्राचं स्मार्टवॉच चार दिवस वापरून बघायला घेतलं होतं. एका निवृत्त गिरणी कामगार काकांची मुलाखत घ्यायला गेले. गिरणी बंद झाली त्या दिवसाबद्दल ते सांगत होते. मध्येच मनगट थरथरलं आणि माझी नजर आपोआप खाली गेली. कुठल्या तरी सेलचं नोटिफिकेशन. काका थांबले. "घाई हाय का बाळ तुला?" मी नाही नाही म्हणाले, पण ते पुढं दोन वाक्यांतच बोलणं आवरून मोकळे झाले. जे ऐकायला गेले होते, ते राहूनच गेलं.

तेव्हा आजोबांचा भोंगा आठवला. माझ्या मनगटावर जे वाजलं, तेही माझ्यासाठी नव्हतंच की! कुणाला तरी काहीतरी विकायचं होतं आणि पळाले मी.

नोटिफिकेशन बंद करता येतात, मान्य. कॉल, अलार्म सोडून सगळं बंद ठेवा, स्मार्टवॉच निम्म्यानं सुधारतं. मैत्रिणीनं तेच केलंय. पण ते सगळं बंद केल्यावर माझ्यासाठी उरत काय होतं? वेळ. मग मी 'जनता' घेऊन घड्याळवाल्या काकांकडे गेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण काढलं. "मशीन चांगलंय. तेल वाळलंय नुसतं." कंपनी बंद असल्यानं सुटे भाग जुन्या घड्याळांतून काढावे लागतात, हेही त्यांनी सांगून टाकलं. सर्व्हिसिंग आणि नवा पट्टा मिळून सहाशे रुपये झाले. उरलेले पैसे अजून खात्यात आहेत.

घेण्याआधी स्वतःला विचारा

• वेळ सोडून यातलं नेमकं काय मी रोज वापरणार? दोन गोष्टी सांगता आल्या नाहीत, तर साधं घड्याळ घ्या.
• परीक्षा देताय? यूपीएससीला साधं घड्याळ चालतं, स्मार्टवॉच नाही. नीटला कुठलंच घड्याळ चालत नाही. हॉलतिकिटावरच्या सूचना वाचा.
• जीपीएस बिल्ट-इन आहे का? बॅटरी बदलून मिळते का, कुठं आणि कितीला?
• सर्व्हिस सेंटर सोलापुरात आहे का, की कुरिअर करावं लागणार?
• घरात एखादं जुनं घड्याळ पडून आहे का? आधी ते दाखवून आणा.

आता रोज सकाळी चहा होईपर्यंत मी किल्ली देते आणि फोन बघून वेळ जुळवते. परवा आजोबांनी विचारलं, "किती वाजले गं?" मी मनगट बघून सांगितलं, "सव्वाआठ." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "दोन मिनिटं मागं हाय तुझं."

"तुमचंच आहे की, आजोबा," मी म्हटलं आणि ऑफिसला निघाले. दोन मिनिटं आधीच.