दूरचा आवाज आणि चांगला रेडिओसंच

तंजावरनजीकच्या ओरत्तनाडु गावी सर्फोजीराजे दुसरे यांनी मुक्तांबाळ हिच्या नावे उभारलेले अन्नछत्र मराठी राज्याची आठवण देते. 1960 च्या सुमारास तेथील एखाद्या मराठी घराला मुंबईचे कार्यक्रम ऐकावेसे वाटले, तर दिवसा ते साधत नसे. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत जातात आणि वाटेतच विरतात. रात्री मात्र वातावरणाच्या वरच्या थरांवरून परतून त्या हजार किलोमीटरांपलीकडेही पोहोचतात, पण क्षीणपणे. शिवाय 1939 मध्ये सुरू झालेले तिरुचिरापल्लीचे केंद्र जवळचे, म्हणून प्रबळ.

अशा वेळी मोठ्या आवाजाचा संच घेण्याचा मोह होतो. (गिऱ्हाईक दुकानात आधी कर्ण्याचाच आकार पाहते!) परंतु आवाज वाढविणारा संच खरखरही तितकीच वाढवितो. खरा गुण निवडकपणाचा. सुपरहेटरोडाईन संचात हवी ती लहर प्रथम एका ठरावीक कंपनसंख्येवर, बहुधा 455 किलोसायकलवर, आणली जाते. कंपनसंख्या ठरलेली असल्याने गाळणी बारीक ठेवता येते, आणि शेजारचे केंद्र बाहेरच राहते.

त्याहीआधी एक स्वस्त उपाय होता. छपरावर उंच ताणलेली एरियलची तार आणि ओल्या जमिनीत पुरलेली अर्थची तार यांच्या बळावर जुन्या संचातूनही मुंबईची मराठी पुष्कळदा स्पष्ट उमटे.