गाईला २१ दिवस कोण मोजून देतं?

हिंगोली, कळमनुरी, वसमतकडच्या गोठ्यांत लाल कंधारी गाय तुम्ही पाहिली असेल. घरातल्या आजीला विचारा, ही पुन्हा माजावर कधी येईल? आजी बोटं मोजून सांगेल, "तीन आठवड्यांनी बघ." आणि खरंच, २१ दिवसांच्या आसपास गाय हंबरायला लागते, वैरणीला तोंड लावत नाही. वासरू होण्यासाठी तिचं शरीर तयार झालेलं असतं. आजीकडे बोटं आहेत, पण गाईकडे काय आहे?

गाईकडे आहेत दोन बीजांडकोश, तीन-चार सेंटीमीटरचे. त्यांवर हुकूम चालतो मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीचा. तिचे दोन निरोपे रक्तातून येतात : एलएच आणि एफएसएच. बीजाभोवतीच्या पिशवीला दोन थर असतात. एलएचचा निरोप मिळाला की बाहेरचा थर चक्क नराचं समजलं जाणारं संप्रेरक बनवतो! मग एफएसएचच्या सांगण्यावरून आतला थर त्याचं इस्ट्रोजेन करतो. गाय हंबरते ती या इस्ट्रोजेनमुळे. बैल न केलेल्या वळूच्या वृषणांतही हाच एलएच टेस्टोस्टेरॉन बनवून घेतो.

कच्चा माल कोणता, ठाऊक आहे? कोलेस्टेरॉल! हो, डॉक्टर आजोबांना ज्यावरून रागावतात तेच. त्यात कार्बनचे २७ अणू असतात. पेशी ते छाटत जाते : २१ उरले की प्रोजेस्टेरॉन, १९ वर टेस्टोस्टेरॉन, १८ वर इस्ट्रोजेन. एवढ्याशा छाटणीने काम पार बदलतं.

पीयूष ग्रंथीलाही वरून हुकूम येतो, मेंदूतल्याच हायपोथॅलॅमस नावाच्या भागाकडून. तो निरोप इतका थोडा असतो की शोधताना शास्त्रज्ञांना लाखाहून जास्त डुकरांच्या मेंदूंचे तुकडे गोळा करावे लागले. अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलमँ यांना अशा कामासाठी १९७७ साली नोबेल मिळालं. दोघांची चुरस मात्र भांडणाच्या थराला गेली होती!

आता २१ दिवसांचं गुपित. बीज बाहेर पडलं की रिकाम्या पिशवीचा पिवळा पीतपिंड होतो. तो प्रोजेस्टेरॉन सोडतो आणि मेंदूला दटावतो, "थांब, नवा माज नको." सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशय चाचपतं : कुणी आलंय का? कुणीच नसेल तर ते प्रोस्टाग्लँडिन सोडतं, पीतपिंड विरघळतो, मेंदूवरचा धाक सुटतो आणि चार-पाच दिवसांत गाय पुन्हा माजावर.

आणि कुणी आलं असेल तर? तेव्हा गर्भ असतो नुसता लांबोडका धागा. ना डोळे, ना पाय. पण तो इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रथिन सोडतो आणि गर्भाशयाचं प्रोस्टाग्लँडिन थोपवतो. पीतपिंड वाचतो. एवढ्याशा जिवाने आईचं सगळं वेळापत्रक थांबवलेलं असतं! तीन आठवडे उलटतात, गाय शांतपणे रवंथ करत राहते आणि आजी म्हणते, "गाभण दिसतेय."

म्हशीचं मात्र तसं नाही. तिचा माज कित्येकदा मुका असतो. आत हेच सगळं चालू असतं, पण ती हंबरतच नाही. विशेषतः उन्हाळ्यात. तिथे आजीची बोटंही फसतात, मग जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावं लागतं.