वैमानिकाचा हेडसेट : खरेदी करताना पारख कशी करावी?

महाराष्ट्रात गोंदिया आणि बारामती येथे विमान चालविण्याचे शिक्षण मिळते. व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते आणि या तालमीत घरची मोठी पुंजी खर्च होते. फी भरण्यापूर्वी पालक दहा ठिकाणी चौकशी करतात. मात्र मुलाच्या किंवा मुलीच्या डोक्यावर रोज चढणारा हेडसेट बहुधा मित्राने घेतला तोच घेतला जातो. व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर हा सौदा असा डोळे मिटून करण्याजोगा नाही.

आधी आवाजाचा हिशेब पाहू. सेसना १५२ किंवा १७२ सारख्या लहान विमानात बसणाऱ्याच्या कानावर साधारण ९० ते १०० डेसिबलचा आवाज आदळतो. अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेने ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही मर्यादा सुचविली आहे. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ डेसिबलला एक तास आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे! मालेगाव, भिवंडीच्या यंत्रमागांच्या खोल्यांत ज्यांनी उमर काढली, त्यांच्याशी मोठ्याने का बोलावे लागते हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. वैमानिकाचे मात्र त्यावर पोटच अवलंबून असते. व्यावसायिक वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणीत कानाचीही परीक्षा होते. आंतरराष्ट्रीय नियमानुसार ५००, १००० व २००० हर्ट्झला ३५ डेसिबलपेक्षा आणि ३००० हर्ट्झला ५० डेसिबलपेक्षा जास्त श्रवणदोष चालत नाही. कान हे वैमानिकाचे भांडवल आहे आणि गेलेले भांडवल येथे परत मिळत नाही.

दोन जाती

बाजारात मुख्यतः दोन जाती आहेत. पहिली साधी : कानावर घट्ट बसणाऱ्या वाट्या, आत फोम, कडेला मऊ गादी. या जातीत अमेरिकेच्या डेव्हिड क्लार्क कंपनीचे हिरवे हेडसेट प्रसिद्ध आहेत. कापडवाल्यांना ऐकून मौज वाटेल की ही कंपनी १९३५ साली विणलेल्या अंतर्वस्त्रांच्या धंद्यातून उभी राहिली. पुढे तिने लढाऊ वैमानिकांचे पोशाख आणि जेमिनी अंतराळवीरांचे सूट शिवले. ती हेडसेटच्या धंद्यातही आली.

साध्या वाट्या बारीक, तीव्र आवाज चांगला अडवितात. जाड घरघर मात्र आत शिरते. इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ४० फेरे झाले. पंख्याला दोन पाती असली की ८० हर्ट्झची घुमघुम तयार होते. हीच माणसाला थकविते.

तिच्यावर उपाय म्हणून दुसरी जात निघाली. हिच्या वाटीत बारीक माइक असतो. तो आत शिरलेला आवाज टिपतो आणि यंत्र त्याच मापाची उलटी लहर सोडते. चढ आणि उतार एकमेकांना खोडून टाकतात. बंगाली क्रांतिकारकाचे चिरंजीव अमर बोस यांना ही कल्पना १९७८ साली झुरिकहून बोस्टनला जाताना विमानातच सुचली. त्यांच्या कंपनीने वैमानिकांसाठी असा हेडसेट १९८९ साली बाजारात आणला. २०२३ साली तिचा ए-३० निघाला. लाइटस्पीड कंपनीचा मालही याच तोडीचा समजला जातो. भाव हजार डॉलरच्या आसपास किंवा वर जातो. साधा चांगला माल त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात मिळतो.

आराम म्हणजे चैन नव्हे

खरेदीदार डेसिबलचा आकडा पाहतो. परंतु तो आकडा वाटी नीट बसली तरच खरा. हेडसेट टोचू लागला की माणूस तो थोडा सरकवितो. फट पडली की आवाज आत आला. म्हणून जो डोक्यावर दोन तास निमूट राहतो, तोच कान वाचवितो.

थान उलगडून पाहिल्याशिवाय आपण सौदा करीत नाही. तसेच येथे करावे. दुकानात किंवा मित्राचा मागून किमान अर्धा तास घालून बसावे. टाळूवर एका जागी भार पडतो का, कानाची पाळी आत दुमडते का, जबड्यावर दाब येतो का, हे पाहावे. चष्मा असेल तर तो घालूनच पाहावे. जाड काडीमुळे गादी उचलली जाते, तेव्हा पातळ काडीची फ्रेम बरी. टोपी, ओढणी किंवा स्कार्फची घडी गादीखाली आली तरी तेच होते. कापड कितीही तलम असले तरी फट ती फटच. वाटी थेट कानावर बसेल अशी बांधणी घरीच करून पाहावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गादीखाली घाम येतो. तेव्हा गाद्या सहज बदलता येतात का आणि सुट्या मिळतात का, हे आधी विचारावे.

पैसे देण्यापूर्वी

विमानाच्या हेडसेटला बहुधा दोन प्लग असतात, हेलिकॉप्टरचा वेगळा असतो. आपल्या शाळेच्या विमानाला कोणता लागतो ते लिहून न्यावे. दुसऱ्या जातीचा माल बॅटरी संपल्यावर साधा म्हणून तरी नीट चालतो का, हे बटण बंद करून पाहावे. गाणी ऐकण्याचे हेडफोन येथे चालत नाहीत. त्यांना विमानात लागणारा माइक व प्लग नसतो. पहिल्याच उड्डाणात प्रशिक्षकासोबत सेसनाचा धोक्याचा भोंगा स्पष्ट ऐकू येतो याची खात्री करावी. परदेशातून मागविताना कस्टम ड्युटी आणि दुरुस्तीला परत पाठविण्याचा खर्च भावात धरावा.

पैसा कमी असेल तर डोक्यावर नीट बसणारा साधा हेडसेट घ्यावा. तो न बसणाऱ्या महागड्यापेक्षा केव्हाही चांगला. जुना घेतला तर गाद्या नव्या घालाव्यात. नाव पाहून नव्हे, डोक्यावर चढवून भाव ठरवावा.