गिटारचा ढिला जॅक: दोन मिनिटांचं काम वीस मिनिटं का करायचं?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण इलेक्ट्रो-अकॉस्टिक गिटारचा, म्हणजे आपल्याकडे जिला सेमी-अकॉस्टिक म्हणतात तिचा, ढिला आउटपुट जॅक घट्ट केला. त्यामागचा धंद्याचा हिशोब व्हिडिओत सांगायचा राहिला, तो इथे लिहितोय.

आधी माझी चूक सांगतो. वाद्यांचं दुकान सुरू करून जेमतेम सहा महिने झाले होते. कॉलेजचा एक मुलगा गिटार घेऊन आला. "दादा, केबल लावली की खरखर येते, आणि जॅक गोल फिरतो." मी पक्कड घेतली, बाहेरचा नट आवळला आणि दोन मिनिटांत गिटार परत दिली. पैसेही घेतले नाहीत. म्हटलं, गिऱ्हाईक खूश!

त्याच रात्री एका साखरपुड्यात त्याला वाजवायचं होतं. दुसऱ्याच गाण्याला गिटारचा आवाज बंद. सकाळी तो आला तेव्हा भांडला नाही. एवढंच म्हणाला, "दादा, त्यांनी माझे पैसे कापले."

नेमकं काय झालं होतं?

मी बाहेरून नट फिरवला, तेव्हा आतला जॅकही त्याच्याबरोबर फिरला. जॅकला आत बारीक वायर सोल्डर केलेल्या असतात. त्यांना पीळ बसला आणि एक टाका सुटायला आला. दुकानात आवाज आला, पण स्टेजवर केबलला हिसका बसताच टाका निघाला.

म्हणून पहिला नियम: जॅक धरल्याशिवाय नट आवळायचा नाही.

आता योग्य पद्धत बघा

१. आधी दुसरी, चांगली केबल लावून बघा. खरखर गेली तर दोष केबलचा आहे, गिटार उघडायची गरजच नाही. ९ व्होल्टची बॅटरीही तपासा.

२. केबल काढा. गिटार मऊ कापडावर ठेवा.

३. जॅक कुठे आहे ते बघा. पट्टा अडकवायच्या खुंटीतच असेल, तर खुंटीची बाहेरची टोपी फिरवून काढा. खाली नट दिसेल. बऱ्याच जॅकच्या आट्यांच्या भागात एक आरपार बारीक भोक असतं. त्यात बारीक ॲलन की घालून जॅक धरा आणि मापाच्या पान्याने नट आवळा. पक्कड नको, नटाच्या कडा झिजतात.

४. भोक नसेल, किंवा जॅक फार आत-बाहेर सरकला असेल, तर तारा सैल करून साउंडहोलमधून हात घाला. आत दुसरा नट आणि दातेरी वॉशर असतो. जॅक किती बाहेर राहणार, हे आतल्या नटाने ठरतं. जॅक फार आत गेला तर केबलची पिन पूर्ण बसत नाही.

५. जॅक बाजूच्या प्लेटवर असेल, तर प्लेटचे स्क्रू काढून ती अलगद बाहेर घ्या. वायर ओढू नका. मागून जॅक धरून नट आवळा. स्क्रूची भोकं मोठी झाली असतील, तर लाकडाच्या गोंदात बुडवलेली टूथपिक भोकात घाला, वाळू द्या, जास्तीची कापा आणि मग स्क्रू लावा.

६. अ‍ॅम्पचा आवाज कमी ठेवून केबल लावा, हलकेच हलवून बघा. जॅक घट्ट असूनही खरखर येत असेल, तर टाका किंवा आतली पत्ती तपासा. सोल्डरिंग येत नसेल तर स्वच्छ सांगा आणि येणाऱ्याकडे पाठवा.

झटपट चिकटणारा गोंद जॅकला कधीच लावू नका. पुढच्या वेळी तो निघणार नाही.

आता हिशोब

माझी खरी चूक पक्कड घेण्यात नव्हती, "एवढ्याशा कामाचे काय पैसे घ्यायचे" या विचारात होती. फुकट काम केलं म्हणून तपासायची जबाबदारीच वाटली नाही. बीबीएला सर्व्हिस क्वालिटी पाठ केली होती, पण ती समजली त्या सकाळी. त्या मुलाला टाका नवा करून दिला आणि कापले गेलेले पैसेही दिले.

आज मी या कामाचे दीडशे रुपये घेतो. सोल्डरिंग लागलं तर वेगळे, तेही आधी सांगून. दीडशेत तीन गोष्टी येतात: गिऱ्हाइकासमोर तपासणी, काय केलं याची चिठ्ठी आणि महिन्याभरात पुन्हा ढिला झाला तर फुकट दुरुस्ती.

जाताना एक टीप मोफत देतो: "वाजवून झालं की केबल काढून ठेवा." बहुतेक सेमी-अकॉस्टिकमध्ये पिन आत गेली की प्रीअ‍ॅम्प चालू होतो. केबल तशीच राहिली तर बॅटरी विनाकारण खर्च होत राहते. या टीपमुळे माझ्या बॅटऱ्या कमी खपत असतील, पण तार, केबल, पट्टा घ्यायला माणूस माझ्याकडेच येतो.

तो मुलगाही येतो. आता स्वतःच्या विद्यार्थ्यांना घेऊन.

आजचा गृहपाठ: तुमच्या धंद्यात तुम्ही "जाऊ दे, फुकट करून देतो" म्हणता असं एक काम लिहून काढा. ते नीट करायला खरंच किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा. मग त्याचा दर ठरवा, आणि त्या दरात काय-काय देणार तेही लिहा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!